जमिनीवर पडलेला चिमटा

डीएमएलटीला ॲडमिशन घेतलेल्या कुणालाही विचारा, पहिले काही आठवडे काय शिकवतात? काचेची भांडी धुणं, लूप ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवणं, बाटलीवर लेबल लावणं, रजिस्टर भरणं. पोरं कंटाळतात. रक्तगट, कल्चर असलं काहीतरी भारी कधी शिकवणार, असं वाटत राहतं. या कंटाळवाण्या कामांची किंमत ज्याला आयुष्यभर मोजावी लागली, त्याचं नाव मुंबईत परळच्या एका संस्थेवर आहे. वाल्डेमार हाफकिन.

हाफकिनचा जन्म १८६० चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या ज्यू कुटुंबातला. ओदेसाच्या विद्यापीठात तो मेचनिकॉफ या मोठ्या शास्त्रज्ञाचा विद्यार्थी होता. हुशारी होती, पण प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदलावा लागणार होता. त्याने नकार दिला आणि देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली तीही कसली, तर सहायक ग्रंथपालाची. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं. अशा उरलेल्या वेळातून कॉलऱ्याची लस तयार झाली. १८९२ मध्ये ती त्याने आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी भारत गाठला. इथे गावोगाव फिरून त्याने हजारो लोकांना लस टोचली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. शहर रिकामं व्हायला लागलं. सरकारने हाफकिनला बोलावलं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली दिली. सोबतीला एक कारकून आणि तीन शिपाई, बस्स! तरीही तीन महिन्यांत लस तयार झाली. मांसरसाच्या चंबूत तो वरून तुपाचे थेंब सोडायचा. त्या तुपाला धरून प्लेगचे जंतू खाली धाग्यांसारखे लोंबत वाढायचे. वाढ पुरेशी झाली की उष्णता देऊन ते मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने या लसीचाही मोठा डोस आधी स्वतःला टोचून घेतला. ताप चढला, अंग ठणकलं, पण तो बरा झाला. मग भायखळ्याच्या तुरुंगात, स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. मागणी वाढत गेली आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलली. जिथे गव्हर्नर राहायचे, तिथे आता लसीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस दिली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतले होते. बाटलीचा नंबर ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांमधून टोचलेल्या कुणालाही काही झालं नाही.

चौकशी बसली. हाफकिनने नेहमीचं कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेवर भर देणारी नवी पद्धत वापरली होती. त्यामुळे बाटली मुंबईतच दूषित झाली, असा ठपका ठेवला गेला. हाफकिनचं काम सुटलं. ज्याने दोनदा स्वतःच्या अंगावर प्रयोग केले, तो आता निष्काळजी ठरला होता.

पण नोंदी शिल्लक होत्या. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवायला हवा होता, पण नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज बारावीचा विद्यार्थीही सांगेल. शिवाय बाटली मुंबईपासूनच दूषित असती, तर उघडताच घाण वास यायला हवा होता. तसा वास आल्याची नोंद नव्हती. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ हे मुद्दे घेऊन जाहीरपणे त्याच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. पण तोवर पाच वर्षं निघून गेली होती. तो भारतात परतला खरा, मात्र परळला नाही, कलकत्त्याला. लसनिर्मितीचं ते मोठं काम पुन्हा त्याच्या हाती आलं नाही. १९१४ च्या सुमारास तो निवृत्त होऊन युरोपात गेला आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव मात्र तो हयात असतानाच, १९२५ मध्ये दिलं गेलं.

लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी या गोष्टीतल्या दोन जागांपाशी थांबायला हवं. पहिली, तो चिमटा. ज्योतीवर धरायला काही सेकंद लागले असते. पेशंट समोर नसतो, डॉक्टर बघत नसतो, घाई असते, आणि पडलेली वस्तू पुसून पुढे जाण्याचा मोह प्रत्येक टेक्निशियनला रोज होतो. दुसरी जागा, ५३-एन हा नंबर. कोणत्या बाटलीतून कुणाला टोचलं, हे कुणीतरी त्या दिवशी नीट लिहून ठेवलं होतं. ते लिहिलं नसतं, तर दोष एका बाटलीचा की साऱ्या लसीचा, हे कळायला मार्गच नव्हता.

त्यामुळे उद्या प्रॅक्टिकलला सरांनी पुन्हा लेबल लिहायला लावलं तर वैतागू नका. आणि हातातून काही खाली पडलं, तर कुणी पाहिलं का हे बघण्याआधी बर्नर पेटवा.