कुंडल रोडचा माळ आणि लक्ष्मणराव

१० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा कुंडल रोड नावाच्या आडवळणाच्या रेल्वे स्थानकावर उतरले. समोर बत्तीस एकरांचा माळ पसरला होता. त्यावर निवडुंग माजला होता आणि निवडुंगात सापांची वस्ती होती. औंध संस्थानच्या या ओसाड तुकड्यावर कारखाना उभारायचा आणि कारखान्यासोबत माणसेही वसवायची, असा त्या दोघा भावांचा बेत होता. त्या वेळी लक्ष्मणरावांचे वय चाळिशीच्या पुढे गेले होते. बेळगावात मोठ्या कष्टाने थाटलेले बस्तान नुकतेच मोडून ते आले होते. या वयात बहुतेक माणसे आहे ते सांभाळण्याच्या विचारात असतात.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक, पण मुलाचे मन शाळेच्या पुस्तकांत रमेना. त्याला ओढ होती चित्रांची आणि यंत्रांची. वडिलांची नाराजी पत्करून त्यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला शाळेत प्रवेश मिळवला. दोन वर्षांनी ध्यानात आले, की काही रंग त्यांना ओळखता येत नाहीत. चित्रकार होण्याचा मार्ग तिथेच खुंटला. मग रंगांशी संबंध नसलेल्या यांत्रिक रेखाटनाकडे ते वळले आणि त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. वर्गात आराखडे शिकवावेत आणि उरलेल्या वेळात संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे खोलून पाहावीत, असा त्यांचा क्रम होता. पुढे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

बेळगावात रामूअण्णांच्या साथीने १८८८ मध्येच सायकलींचे दुकान सुरू झाले होते. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायच्या, असा तो व्यवसाय. त्यातून छोटी कार्यशाळा उभी राहिली आणि कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. त्यापाठोपाठ लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष उतरते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. त्यामुळे पहिले नांगर दीर्घकाळ गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले. हा समज हळूहळू ओसरला आणि नांगराला मागणी येऊ लागली. नेमक्या त्याच सुमारास नवे संकट उभे राहिले. शहराच्या वाढीसाठी आखलेल्या वसाहतीत कारखान्याची जागा गेली. ती मोकळी करणे भाग होते.

हा प्रसंग लक्ष्मणरावांच्या चरित्रात बहुधा दोन ओळींत आटोपला जातो, पण पुढचे सारे त्यातून निघाले आहे. त्या काळच्या नगररचनेत बंगले, बाजार, कचेरी आणि छावणी यांना जागा होती. भट्टी पेटवणाऱ्या, ठोकाठोक करणाऱ्या कारखान्याला ती नव्हती. मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्यांनी आपली जागा पैशाच्या जोरावर मिळवली होती. बेळगावातल्या एका नांगरवाल्याला ते शक्य नव्हते. यंत्र आणि कारागीर मिळवण्याआधी पायाखालची जमीन आपली असली पाहिजे, हा धडा लक्ष्मणरावांनी या विस्थापनातून घेतला.

औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. ते स्वतः चित्रकार आणि कलांचे भोक्ते होते. औंधच्या देवस्थानातील बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी परिचय होता. बाळासाहेबांनी दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले आणि संस्थानातील जमीन निवडण्याची मुभा दिली. औंध हे छोटे संस्थान, त्याचा मुलूखही सलग नव्हता. कुंडलचा भाग असाच इतर मुलखापासून तुटून पडलेला होता. सुपीक जमीन मागण्याऐवजी लक्ष्मणरावांनी हा माळ पसंत केला, याचे अनेकांना नवल वाटले असेल.

नकाशा पुढे ठेवला तर ते नवल उरत नाही. कुंडल रोड आणि बेळगाव ही दोन्ही स्थानके दक्षिणेकडे जाणाऱ्या एकाच मीटरगेज मार्गावर होती. बेळगावची यंत्रसामग्री थेट याच मार्गाने आणता येत होती आणि तयार नांगर दोन्ही दिशांना पाठवता येत होते. मुंबईच्या मालाला मात्र पुण्यात गेज बदलावा लागे. रुंद रुळांच्या डब्यांतून उतरवून तो अरुंद रुळांच्या डब्यांत भरावा लागे आणि हा खर्च टळणारा नव्हता. पण लोखंड व कोळसा यांसारखा जड माल बैलगाडीवर मैलोगणती वाहून नेण्यापेक्षा तो परवडणारा होता. शिवाय नांगर विकत घेणारा शेतकरी आणि उसाचा चरक लागणारा गुळवाला कृष्णाकाठी, हाकेच्या अंतरावर होता. पीक येत नाही अशा जमिनीवर कारखाना बांधल्याने कोणाची शेती बुडणार नव्हती. रेल्वे, बाजार आणि पडीक जमीन या तीन गोष्टींचा मेळ त्यांनी घातला.

माळ साफ करण्याचे, घरे बांधण्याचे आणि वस्तीचा कारभार बसवण्याचे काम रामूअण्णांनी अंगावर घेतले. या थोरल्या भावाचे नाव कारखान्याच्या इतिहासात मागे राहते, हे अन्यायाचे आहे. नांगराचा फाळ लक्ष्मणरावांचा असेल, पण वाडी मांडली ती रामूअण्णांनी. सोबत यंत्रे जाणणारे शंभोराव जांभेकर होते, हिशेब ठेवणारे मंगेशराव रेगे होते आणि पडेल ते काम करणारे के. के. कुलकर्णी होते. शाळेत न टिकलेले, पण पुढे कल्पक यांत्रिक म्हणून नाव काढणारे अनंतराव फळणीकरही होते. यांतील बहुतेकांच्या हाती मोठ्या पदव्या नव्हत्या. लक्ष्मणराव प्रमाणपत्र पाहून माणूस घेत नसत. त्यांनी स्वतःही यंत्रविद्येची पदवी घेतली नव्हती.

इंग्लंडमधल्या काही कारखानदारांनी कामगारांसाठी गावे वसवली होती. पोर्ट सनलाइट आणि बोर्नव्हिल ही त्यांपैकी नामांकित. भारतात त्याच सुमारास साकचीला टाटांच्या पोलाद कारखान्याची व नगराची उभारणी चालू होती. परदेशांतील अशा वसाहतींविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते आणि तसे काही आपल्याकडे करावे, ही इच्छा त्यांच्या मनात होती. फरक होता तो भांडवलाचा. टाटांच्या मागे कोट्यवधी रुपये होते. इथे दहा हजारांचे कर्ज आणि बेळगावहून आलेली मोजकी बिऱ्हाडे होती. म्हणून किर्लोस्करवाडी एका दमात आखली गेली नाही. कारखाना जसा कमवेल तशी ती वाढत गेली. राधाबाई किर्लोस्कर आणि इतर घरांतल्या स्त्रियांनी पहिली वर्षे कशी काढली असतील, याचा हिशेब कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत सापडणार नाही.

वाडीच्या राखणीची व्यवस्था त्या काळच्या प्रतिष्ठितांना धक्का देणारी होती. दरोड्यांसाठी शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे कारखान्याचे विश्वासू राखणदार झाले. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. सुधारणेची भाषणे तेव्हा पुण्या-मुंबईत पुष्कळ होत. इथे तो रोजच्या राहणीचा नियम होता. जुन्या गावात जातीप्रमाणे आळ्या ठरलेल्या असतात आणि त्या बदलायला पिढ्या जातात. कोऱ्या माळावर वस्ती मांडताना निदान ती अडचण नव्हती.

पहिल्या महायुद्धाने या सगळ्याची परीक्षा घेतली. बिडाचे लोखंड मिळेना, कोक मिळेना आणि रेल्वेचे डबे सरकारी कामात अडकले. जी रेल्वे पाहून जागा निवडली तीच मालापुरती आटली होती. कोकऐवजी लाकडी कोळसा वापरून भट्टी चालवण्यात आली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगराचे फाळ ओतले गेले. आयात थांबल्याने परदेशी अवजारे दुर्मीळ झाली आणि जो कारखाना टिकून राहिला त्याच्याकडे गिऱ्हाईक आपोआप वळले.

युद्ध संपले तेव्हा किर्लोस्करवाडी स्थिरावली होती. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या बातम्यांपासून सुरुवात झालेल्या या पत्रिकेचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि काही वर्षांनी ‘मनोहर’ आले. महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाला विचार करायला लावणारी ही मासिके पुण्या-मुंबईहून निघत नव्हती. ती नांगर आणि पंप तयार करणाऱ्या आडगावाहून रेल्वेने घरोघर जात. १९२६ मध्ये लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून शिकून परतले आणि कारखान्याला नव्या पिढीचा हात मिळाला. बाळासाहेबांच्याच आश्रयाने कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना आणि ओगलेवाडी उभी राहिली होती. एका लहान संस्थानाच्या मुलखात दोन उद्योगवसाहती उभ्या राहाव्यात, याचे श्रेय त्या राजालाही द्यावे लागते.

या व्यवस्थेला दुसरी बाजू होती. वाडीत घर मालकाचे, रोजगार मालकाचा आणि नियमही मालकाचेच. मालक लक्ष्मणरावांसारखा असेल तर हे कुटुंब वाटते. पण नोकरी गेली की छप्परही जाते, ही टांगती तलवार कारखान्याच्या प्रत्येक वसाहतीत असते. मग ती इंग्लंडातली असो की औंधातली. वाडीतला माणूस भोवतालच्या खेड्यांपेक्षा बऱ्या स्थितीत राहत होता आणि ते अंतर खेड्यांना दिसत होते. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली, तेव्हा किर्लोस्करांच्या कारखान्यालाही आग लागली. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडून उभारलेल्या वास्तू जळताना पाहण्याची वेळ वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लक्ष्मणरावांवर आली. कारखाना पुन्हा उभा राहिला.

तोवर उद्योगाचा विस्तार वाडीबाहेर झाला होता. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर आणि १९४६ मध्ये बंगळूर व पुण्याजवळ खडकी येथे नव्या कंपन्या निघाल्या. शंतनुरावांच्या पिढीला आता कोरा माळ शोधण्याची गरज नव्हती. वीज, कुशल माणसे आणि बाजार शहरांभोवती जमू लागले होते. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि रामूअण्णांनी अंगावर घेतलेल्या कामाचा मोठा भाग सरकारने आपल्याकडे घेतला. जमीन संपादन करावी, रस्ते व पाणी पुरवावे आणि आखलेले भूखंड उद्योजकाला द्यावेत, अशी ही रीत. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत ती फळाला आली. बदलापूरजवळचे बारवी धरण महामंडळाने उद्योगांच्या पाण्यासाठी बांधले. भट्टी लावायला जागा नाही म्हणून आता बेळगावच्या नांगरवाल्यावर गाव सोडण्याची पाळी आली नसती. कामगाराच्या घराचा प्रश्न मात्र या रीतीत बहुतांशी भूखंडाच्या कुंपणाबाहेर राहिला. त्याचे उत्तर चाळींनी आणि झोपडपट्ट्यांनी दिले. मालकाच्या गावातली टांगती तलवार गेली, पण त्या गावातले घरही गेले.

महामंडळाची स्थापना पाहायला लक्ष्मणराव नव्हते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. मीटरगेजच्या जागी पुढे ब्रॉडगेज आला. पुणे-मिरज मार्गावरची गाडी आजही त्या स्थानकावर थांबते. पाटीवर मात्र कुंडल रोड हे नाव नाही, किर्लोस्करवाडी असे आहे.