दोन थेंबांमागचा हट्टी माणूस

अल्बर्ट सेबिन खरे तर दातांचे डॉक्टर व्हायचे. १९०६ मध्ये बियालिस्टोक येथे, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्यात आणि आजच्या पोलंडमध्ये, एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२१ मध्ये कुटुंब अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी आले. हातात पैसा नव्हता. दंतवैद्यक शिकायचे, या अटीवर एका नातेवाइकाने फीची जबाबदारी घेतली. पण जंतुसंशोधकांच्या हकिकती सांगणारे पॉल डी क्रायफ यांचे पुस्तक या मुलाच्या हाती पडले आणि दातांवरचे त्याचे मन उडाले. नातेवाइकाने मदत थांबवली. मिळेल ते काम करत, शिष्यवृत्तीवर भागवत सेबिन न्यूयॉर्क विद्यापीठातून १९३१ मध्ये डॉक्टर झाले. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पोलिओची साथ आली होती.

पोलिओबाबत त्यांचे पहिले मोठे संशोधन चुकीच्या दिशेने गेले. १९३६ मध्ये रॉकफेलर संस्थेत पीटर ऑलिट्स्की यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांतून हा विषाणू फक्त मज्जासंस्थेच्या पेशींतच वाढतो, असा निष्कर्ष निघाला. प्रयोगाचे तंत्र चोख होते, पण वापरलेला विषाणू वर्षानुवर्षे माकडांच्या मेंदूत वाढवून तिथलाच झालेला होता. पुढे सिनसिनाटीला गेल्यावर पोलिओने मरण पावलेल्या रुग्णांची शवविच्छेदने करून सेबिन यांनीच १९४१ मध्ये दाखवून दिले की विषाणू आतड्यात भरपूर सापडतो. तो तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो आणि थोड्याच जणांच्या मज्जारज्जूपर्यंत पोचतो. तोंडाने द्यायच्या लसीची कल्पना याच शोधातून निघते. शत्रू ज्या दाराने येतो, पहारा तिथेच बसवायचा.

त्यांच्या आधी जोनास साल्क यांची इंजेक्शनची लस आली. तिच्यात फॉर्मेलिनने मारलेला विषाणू होता. एप्रिल १९५५ मध्ये ती यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले, अमेरिकेत चर्चच्या घंटा वाजल्या, आणि दोन आठवड्यांत अनर्थ झाला. कटर या कंपनीने बनवलेल्या काही लशींतला विषाणू पुरता मेलाच नव्हता. सुमारे ४० हजार मुलांना सौम्य पोलिओ झाला, लस घेतलेले आणि त्यांच्या सहवासातले मिळून सुमारे २०० जण लुळे पडले, १० दगावले. सेबिन हे साल्क यांचे कडवे टीकाकार. लसीसाठी इतका जहाल विषाणू निवडू नये, असे ते आधीपासून बजावत होते. या बाबतीत ते बरोबर होते. मात्र त्यांच्या स्वतःच्या लसीत तर विषाणू मुद्दामच जिवंत ठेवलेला होता. मग ती सुरक्षित कशी म्हणायची, हा प्रश्न जन्मभर त्यांच्या पाठीशी राहिला.

त्यांचे उत्तर होते निवड. पोलिओच्या तिन्ही प्रकारांचे असे वाण शोधायचे, जे आतड्यात जोमाने वाढतील, पण मज्जारज्जूत टोचले तरी इजा करणार नाहीत. त्यासाठी हजारो माकडे खर्ची पडली. त्या काळी अमेरिकेतल्या पोलिओच्या कामासाठी माकडे मोठ्या संख्येने भारतातूनच जात. मग सेबिन यांनी स्वतः लस घेतली, पत्नीला आणि दोन मुलींना दिली. ओहायोतल्या चिलिकोथी येथील तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांनाही दिली. तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा कितपत खरी, हा प्रश्न आज कोणतीही नीतिसमिती विचारेल. तेव्हा कोणी फारसा विचारला नाही.

अमेरिकेत साल्क यांची लस आधीच पोचल्याने मोठी चाचणी घ्यायला मुले उरली नव्हती. ती मिळाली सोव्हिएत संघात. शीतयुद्ध ऐन भरात असताना सेबिन यांनी आपले वाण मॉस्कोच्या मिखाईल चुमाकॉव यांच्या स्वाधीन केले आणि १९६० च्या अखेरपर्यंत तिथे सात कोटींहून अधिक मुले व तरुण लस घेऊन मोकळे झाले. रशियन आकड्यांवर अमेरिकेचा विश्वास बसेना, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने येल विद्यापीठाच्या डोरोथी हॉर्स्टमन यांना पाहणीला पाठवले. त्यांनी काम चोख असल्याचा निर्वाळा दिला. २४ एप्रिल १९६० च्या रविवारी सिनसिनाटीत मुलांच्या रांगा लागल्या, आणि १९६१ पासून अमेरिकेत टप्प्याटप्प्याने परवाना मिळाला. सेबिन यांनी पेटंट घेतले नाही. साखरेच्या खड्यावर टाकून देता येणारी, सुई न लागणारी ही स्वस्त लस जगभर पसरली.

परवान्यानंतर लगेचच अमेरिकेत लस घेतल्यावर पांगळेपणा आलेले काही रुग्ण दिसू लागले. सरकारी तज्ज्ञ समितीने संबंध असू शकतो असे मानले, सेबिन यांनी नाही. १९७९ नंतर तिथे देशांतर्गत रानटी पोलिओ संपला, तरी दरवर्षी आठ-दहा जण लुळे पडत राहिले आणि त्यामागे लसच होती. जनुकीय तपासणीने कारणही दाखवले. लसीतला विषाणू आतड्यात वाढता वाढता जनुकातला एखादा बारीकसा बदल उलटवून पुन्हा जहाल होऊ शकतो. प्रमाण अत्यल्प, साधारण २४ लाख डोसांमागे एक. ज्या गावात दरवर्षी साथ येते तिथे हा सौदा निःसंशय फायद्याचा आहे. जिथे साथच उरली नाही, तिथे त्या एकाच्या आईवडिलांना तो कसा पटवायचा? सेबिन यांनी शेवटपर्यंत आपल्या लसीचा दोष मानला नाही. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने पुराव्यापुढे असे ताठ राहावे, हे मला त्यांच्या चरित्रातले सर्वात खटकणारे पान वाटते.

हा धोका सर्वांना सारखा नसतो. ज्यांचे शरीर प्रतिपिंडे बनवू शकत नाही, अशा जन्मजात कमतरतेच्या रुग्णांत तो हजारो पटींनी वाढतो. निरोगी मूल काही आठवड्यांत विषाणू बाहेर टाकून मोकळे होते. या रुग्णांत तो वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. ब्रिटनमधल्या अशा एका रुग्णाच्या विष्ठेतून लसीचा विषाणू तब्बल २८ वर्षे बाहेर पडत होता. म्हणून जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असलेल्या, रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर औषधे घेणाऱ्या मुलाला थेंब देत नाहीत, इंजेक्शनची लस देतात. घरात असा रुग्ण असेल, तर त्याच्या भावंडांनाही थेंबांऐवजी इंजेक्शन देतात, कारण थेंब घेतलेल्या बाळाच्या शौचातून विषाणू घरभर जाऊ शकतो. चुकून थेंब दिले गेलेच, तर चार ते सहा आठवडे रुग्णाने त्या बाळापासून जपावे, आणि बाळाचे लंगोट बदलणाऱ्याने हात साबणाने धुवावेत. बूथवरच्या ताईंना हे आपणहून सांगावे लागते. घरातला आजार त्यांना दिसत नाही.

उलट, सर्दी, बारीक ताप, जुलाब ही थेंब टाळायची कारणे नव्हेत. जुलाब असताना दिलेला डोस मोजत नाहीत, नंतर पुन्हा देतात, इतकेच. अंगावर पाजणेही थांबवायचे नसते. कुपीवरचा चौकोन मात्र पाहून घ्यावा. भोवतीच्या वर्तुळाइतका तो गडद झाला असेल, तर लसीला उष्णता लागलेली आहे आणि ती फेकून द्यायची. कुपीच पाहायची, हेही सांगावे लागते. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करायचे द्रावण पाजले गेले होते. सुदैवाने सगळी वाचली.

१९८३ मध्ये मानेच्या मणक्यांतल्या विकाराने सेबिन यांनाच काही काळ पक्षाघात झाला, वेदना असह्य झाल्या. त्यातून ते उठले आणि पुन्हा वाद घालू लागले. ३ मार्च १९९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेने २००० पासून त्यांचे थेंब पूर्ण बंद करून साल्क यांच्या इंजेक्शनकडे मोर्चा वळवला. भारतात १९९५ पासूनच्या पल्स पोलिओने थेंबांच्याच जोरावर रानटी विषाणू हटवला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. पण एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू आपणही काढून टाकला. त्या प्रकारचा रानटी विषाणू १९९९ नंतर दिसलाच नव्हता, आणि तरी तो देत राहण्यात धोकाच उरला होता. आज आपल्या बाळांना दोन्ही मिळतात. थेंब तोंडात पडतात आणि दंडात इंजेक्शनचा छोटा डोस टोचला जातो. सेबिन आणि साल्क यांचे हयातीत एकमेकांशी कधी पटले नाही.