स्वामी कुवलयानंद : आसनांना प्रयोगशाळेत नेणारे योगी

वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग किंवा फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलामुलींची मान आणि कंबर अनेकदा दुखते. तासन्‌तास पुस्तकावर वाकणे, रुग्णावर ओणवे होऊन काम करणे आणि त्यात परीक्षेची धास्ती. मनावर ताण असला की खांद्यांचे स्नायूही आखडतात. अशा वेळी स्ट्रेचिंगचा सल्ला दिला जातो. शरीर ताणण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीची, म्हणजे योगासनांची, शास्त्रीय तपासणी खारघरपासून जवळच, घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात सुमारे शंभर वर्षांपूर्वी सुरू झाली. ती करणारे स्वामी कुवलयानंद.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ साली गुजरातमधील डभोई येथे झाला. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे ते व्यायाम शिकले, तर नर्मदाकाठच्या मालसर येथे माधवदासजी महाराजांकडे योग. काही वर्षे त्यांनी अमळनेरला अध्यापन केले.

गुरूंवर श्रद्धा असूनही योगक्रियांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे त्यांना तपासून पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी बडोद्यात क्ष-किरणांची मदत घेतली. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसनांमध्ये रक्तदाब किती बदलतो, नौलीत पोटातील दाब किती घटतो, याची तिथे मोजणी झाली. १९३१ च्या ‘आसने’ या इंग्रजी पुस्तकात त्यांनी कृतींबरोबरच कोणी कोणती आसने टाळावीत, हेही सांगितले. १९६१ मध्ये लोणावळ्यात योगोपचाराचे रुग्णालय सुरू झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

आसन म्हणजे ओढाताण नव्हे, ही त्यांच्या कामातून घेण्यासारखी गोष्ट. स्ट्रेचिंग करतानाही हेच लक्षात ठेवा :

• झटके देऊ नका. सावकाश ताणा, १५ ते ३० सेकंद थांबा.
• श्वास रोखू नका.
• हलका ताण जाणवावा. वेदना झाल्यास थांबा.
• दर तासाला एकदा उठा, मान आणि खांदे सैल करा.

हातापायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, अथवा दुखणे हातात किंवा पायात उतरत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. घरात असा विद्यार्थी असेल, तर त्याचे दुखणे अभ्यासाचा भाग समजून सोडून देऊ नका.