आंद्रे द जायंट

डब्ल्यू.डब्ल्यू.एफ.चा विषय निघाला की रूमवर कुणीतरी म्हणणारच, ते सगळं खोटं असतं. कबूल! निकाल आधी ठरलेला असतो. पण मित्रांनो, तेव्हा मला हटकून आंद्रे आठवतो.

आंद्रे रूसिमोफ १९४६ साली फ्रान्समध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. त्याला अ‍ॅक्रोमेगली हा आजार होता. पिट्युटरी ग्रंथी वाढीचं हार्मोन जास्त सोडते आणि हाडं वाढतच राहतात. कुस्तीवाल्यांनी या आजाराचंच गिमिक केलं. तरुणपणी तो चक्क उडी घेऊन दोन्ही पायांची लाथ मारायचा. १९७३ मध्ये व्हिन्स मॅकमहनच्या वडिलांनी त्याला अमेरिकेत उतरवलं आणि असल्या उड्या बंद करायला लावल्या. राक्षसाने राक्षसासारखंच दिसायचं! उंची ठोकून दिली ७ फूट ४ इंच.

१९८७ च्या रेसलमेनिया ३ आधी प्रचार झाला, की हा गडी १५ वर्षं हरलेला नाही, त्याला कुणी उचलून आपटलेलंही नाही. साफ थाप! हल्क होगननेच १९८० मध्ये त्याला आपटलं होतं. पाठ मात्र खरंच गेली होती. आदल्या वर्षी ऑपरेशन झालेलं, काळ्या पोशाखाखाली पट्टा बांधलेला. तशा अवस्थेत त्याने होगनला स्वतःला उचलू दिलं, आपटून घेतलं आणि ठरल्याप्रमाणे हरला. त्याच्या मनात नसतं, तर होगनच्या बापालाही ते जमलं नसतं.

जानेवारी १९९३ मध्ये वडिलांच्या अंत्यविधीसाठी तो फ्रान्सला गेला आणि पॅरिसच्या हॉटेलात झोपेतच वारला. वय अवघं ४६.

आता बोला राव, यातलं खोटं किती?