रुस्तम जाल वकील
डॉ. रुस्तम जाल वकील (१७ जुलै, १९११ - २० नोव्हेंबर, १९७४) हे मुंबईतील ख्यातनाम हृदयरोगतज्ज्ञ होते. उच्च रक्तदाबावर परिणामकारक औषधे जवळजवळ नसलेल्या काळात त्यांनी सर्पगंधा या वनस्पतीची उपयुक्तता रुग्णांवर तपासली. तिच्या अर्कामुळे प्राण्यांचा रक्तदाब उतरतो, हे कोलकात्यातील रामनाथ चोप्रा यांच्या प्रयोगांतून आधीच दिसले होते. वकील यांनी ५० रुग्णांवर केलेली चाचणी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. ते रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या चेतातंतूंतील नॉरॲड्रेनॅलिनचा साठा घटवते. नैराश्यासारखे दुष्परिणाम नोंदले गेल्याने पुढे त्याचा वापर कमी झाला. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले.