पंक्तिप्रपंच सोसलेली कलावती : हॅटी मॅकडॅनियल

सणासुदीच्या पंगतीत एका पानावर तूप वाढावे आणि शेजारचे पान कोरडे ठेवावे, ह्यास आपण पंक्तिप्रपंच म्हणतो व तो मोठा दोष मानतो. ज्यांचे चरित्र सांगण्यास आम्ही आज सिद्ध झालो आहोत, त्यांच्यासाठी तर गौरवाच्या पंगतीतच वेगळे पान मांडले गेले. अमेरिकेतील हॉलिवूडच्या चरित्र-अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल त्या ह्याच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कॅन्सस राज्यातील विचिटा येथे त्यांचा जन्म झाला. तेरा अपत्यांतील त्या शेंडेफळ. पिता हेन्री जन्माने गुलाम. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यातील कृष्णवर्णीयांच्या पलटणीतून लढले आणि जायबंदी झाले. परंतु निवृत्तिवेतनासाठी त्यांना कित्येक वर्षे सरकारदरबारी अर्जविनंत्या कराव्या लागल्या. माता सूझन भक्तिगीते गात आणि परगृही कामे करून संसारास हातभार लावीत. घरात दारिद्र्य होते, पण गळ्यात सूर होता.

पुढे हे कुटुंब डेन्व्हरला आले. ओटिस व सॅम हे बंधू आणि एटा ही भगिनी, सारीच रंगभूमीकडे वळली. धाकट्या हॅटीही त्यांच्या मागोमाग गेल्या. १९१६ साली ओटिस निवर्तले. १९२९ च्या आर्थिक अरिष्टात नाटक-गाण्याचे फिरते खेळ बंद पडले, तेव्हा मिलवॉकीच्या एका क्लबात स्त्रियांच्या प्रसाधनगृहात सेविकेचे काम त्यांनी पत्करले. तेथेच गाण्याची संधी मिळाली आणि त्यांनी श्रोत्यांस जिंकले. १९३१ मध्ये त्या लॉस एंजेलिसला, सॅम व एटा ह्यांच्याजवळ आल्या. चित्रपटात मोलकरणीची भूमिका मिळे. ती नसली की प्रत्यक्षात मोलकरणीचे काम करावे लागे.

१९३९ च्या 'गॉन विथ द विंड' मधील मॅमी ह्या दासीच्या भूमिकेने त्या विख्यात झाल्या. मात्र अटलांटा नगरीतील पहिल्या खेळास तेथील वर्णभेदामुळे त्यांना उपस्थित राहता आले नाही. दिनांक २९ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. समारंभाच्या हॉटेलात कृष्णवर्णीयांस मज्जाव होता; निर्मात्याने रदबदली केली म्हणून प्रवेश मिळाला, पण आसन मिळाले ते सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या मेजापाशी.

स्वजनांचा रोषही त्यांच्या वाट्यास आला. दासीच्या भूमिका करून त्या समाजाची मानहानी करतात, असा आक्षेप होता. आम्हांस तो सर्वथा निराधार वाटत नाही. परंतु दुसरी भूमिका देण्यास कोणी तयार नव्हते, हेही विसरता येत नाही. पडद्यावर दासी झालेल्या ह्या स्त्रीने न्यायालयात मात्र मान झुकविली नाही. वेस्ट ॲडम्स भागातील त्यांच्या वास्तव्याविरुद्ध काही गोऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला, तेव्हा इतर कृष्णवर्णीय रहिवाशांसह त्या लढल्या आणि १९४५ मध्ये जिंकल्या. तीन वर्षांनी असे वर्णभेदी करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले. हॉलिवूडच्या दफनभूमीत विसावण्याची त्यांची अंतिम इच्छा होती. वर्णामुळे तीही नाकारली गेली आणि रोझडेल येथे त्यांस मूठमाती मिळाली. हॉवर्ड विद्यापीठास त्यांनी दिलेले पारितोषिक पुढे गहाळ झाले.

१९९९ साली हॉलिवूडच्या त्याच दफनभूमीत त्यांचे स्मारक उभे राहिले, आणि २०२३ मध्ये विद्यापीठास नवे पारितोषिक समारंभपूर्वक देण्यात आले. पान अखेर पंगतीत मांडले गेले, पण जेवणारी केव्हाच उठून गेली होती. वाचकहो, सन्मान द्यावयाचा तर तो माणूस समोर असताना, आपल्या शेजारी बसवून द्यावा, एवढेच हे चरित्र आम्हांस शिकविते.