रुस्तम जाल वकील

डॉ. रुस्तम जाल वकील (जन्म: १७ जुलै १९११, मुंबई, मृत्यू: २० नोव्हेंबर १९७४) हे भारतीय हृदयरोगतज्ज्ञ, संशोधक आणि वैद्यकीय लेखक होते. सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवरील पद्धतशीर चाचणीतून मांडणारा त्यांचा शोधनिबंध १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे या वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. भारतातील आधुनिक हृदयरोगशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

जीवन

वकील यांचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी संपादन केली. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबई ही आपली कर्मभूमी मानली. परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी मानद चिकित्सक म्हणून काम केले. सर्पगंधेवरील त्यांचे संशोधनही याच रुग्णालयाशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला राहिल्यास हृदयाच्या डाव्या कप्प्यावर ताण पडतो. त्याची भिंत जाड होत जाते आणि अखेरीस हृदय कमकुवत होऊन रक्त पुढे ढकलण्यास असमर्थ ठरते. मग फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांमधील दाब वाढून रुग्णाला धाप लागते. १९४० च्या दशकात यावर खात्रीचे औषध नव्हते. विश्रांती, मीठ वर्ज्य केलेला आहार, गुंगीची औषधे आणि क्वचित मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया एवढेच उपाय डॉक्टरांच्या हाती होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला, तेव्हा त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढलेलाच होता.

भारतात सर्पगंधेचा वापर जुना आहे. सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर तिची मुळी देत असत. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील काही अल्कलॉइडे वेगळी केली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. त्यामुळे सर्पगंधेचा हा गुण वकील यांनी प्रथम शोधला असे म्हणता येत नाही. विखुरलेल्या अनुभवाला मोजता येईल अशा पुराव्याचे रूप देणे, हे त्यांचे कार्य होय.

१९४९ चा शोधनिबंध

वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा दिली, उपचारापूर्वीच्या आणि नंतरच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि दुष्परिणामही नोंदवले. बहुतेक रुग्णांचा रक्तदाब उतरलेला आढळला. हे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सर्पगंधेवर पूर्वी झालेले लेखन मुख्यतः भारतीय नियतकालिकांत असल्याने परदेशात फारसे पोहोचले नव्हते. हा निबंध मात्र पोहोचला.

बोस्टनमधील रॉबर्ट विल्किन्स यांनी या औषधाचा वापर सुरू करून त्याच्या परिणामाला दुजोरा दिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतील प्रभावी घटक, रेसरपीन, वेगळा केला. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनलीन साठवले जाते. रेसरपीन ही साठवण होऊ देत नाही. परिणामी रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तदाब उतरतो.

औषधाचे यश आणि मर्यादा

अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या आणि १९६७ व १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत रेसरपीन इतर दोन औषधांबरोबर वापरले गेले. रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास पक्षाघात आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण घटते, हे या चाचण्यांनी दाखवले. मात्र नाक चोंदणे, सुस्ती आणि विशेषतः मोठ्या मात्रेत येणारे नैराश्य यांमुळे, तसेच नवी औषधे उपलब्ध झाल्यामुळे, त्याचा वापर पुढे कमी झाला. मुळ्यांसाठी झालेल्या बेसुमार तोडीने रानातील सर्पगंधाही दुर्मीळ झाली आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

लेखन

अस्पी गोलवाला यांच्यासह वकील यांनी लिहिलेले रोगलक्षणांच्या तपासणीवरील इंग्रजी पाठ्यपुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया या संस्थेच्या वैद्यकशास्त्रावरील पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती १९६९ मध्ये त्यांच्या संपादनाखाली निघाली. वैद्यकाच्या इतिहासावरही त्यांनी लेखन केले.

सन्मान

वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत सर्पगंधेचा मनोरुग्णांसाठी वापर करणारे नेथन क्लाइन हेही होते. भारत सरकारने वकील यांना १९५८ मध्ये पद्मभूषण हा किताब दिला. १९६५ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार प्राप्त झाला.